बांधकाम-सेवेसाठी नेपाळला जाताना: साताऱ्यातील आमच्या मंडळीची तयारी

अजिंक्यतारा_पायथा

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

साताऱ्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, आम्ही अकरा जण येत्या फेब्रुवारीत नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातील एका डोंगरी गावी, बांधकामाला हातभार लावण्यासाठी, बारा दिवस जाण्याचे ठरवत आहोत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तेथील मंडळीचे दगडमातीचे प्रार्थनागृह पडले. तेव्हापासून पत्र्याच्या शेडमध्ये उपासना होते आणि त्याच शेडमध्ये आठवडाभर गावातील मुलांची अभ्यासिका भरते. आता तेथील मंडळीने स्वतः जमवलेल्या पैशांतून दोन दगडी खोल्या बांधायला घेतल्या आहेत. गावातील बरेचसे तरुण आखाती देशांत कामाला गेलेले असल्यामुळे पाया आणि जोते (पायावरचा चौथरा) या दोन टप्प्यांवर अंगमेहनतीची माणसे कमी पडत आहेत, म्हणून त्यांनी आमच्याकडे माणसे मागितली. त्या गावातील एक तरुण पुण्यात शिकत असताना आमच्या तरुण संघात येत असे. त्या ओळखीतून हे बोलावणे आले आहे. गावाचे नाव येथे मुद्दाम लिहीत नाही.

हे बोलावणे आम्हाला एवढे जवळचे का वाटले, ते सांगायला हवे. आमच्यापैकी चौघांची घरे मूळची पाटण तालुक्यातील आहेत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा माझी आजी पडवीत झोपली होती. घराची मागची भिंत सबंध पडली नाही. तिचा बाहेरचा पदर तेवढा सुटून परसात कोसळला आणि आतला पदर उभा राहिला, म्हणून ती वाचली, असे ती आम्हाला हाताच्या दोन तळव्यांनी दाखवून सांगत असे. शेजारच्या घरात नेमके उलटे झाले. गोरख्यातील पडक्या भिंतींची छायाचित्रे त्या तरुणाने पाठवली तेव्हा तोच सुटलेला पदर आम्हाला दिसला. दगड तोच, माती तीच आणि चूकही तीच.

माझे प्रश्न तीन आहेत. कागदपत्रांची आणि कायद्याची तयारी काय करावी? आमच्यापैकी बहुतेक जण शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि विद्यार्थी आहेत, तर अंगमेहनतीची तयारी कशी करावी? आणि तिसरा प्रश्न मनापासून विचारतो आहे: अशा जाण्याने त्या गावाचे खरोखर भले होते का? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

मिरजकर

दादा, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्या दोघांना अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका गटाबरोबर दुसऱ्या एका देशात गेलो होतो. गटाचे आणि संस्थेचे नाव घेत नाही, कारण हेतू कोणाचाही वाईट नव्हता. आम्हाला नऊ दिवसांत एका छोट्या दवाखान्याची फरशी आणि ओटा पूर्ण करायचा होता, आणि दहाव्या दिवशी उद्घाटन ठरले होते. पाहुणे येणार म्हणून सातव्या दिवशी घाईघाईने कोबा, म्हणजे फरशीचा सिमेंटचा थर, केला. त्यावर पाणी मारायला तीन दिवससुद्धा मिळाले नाहीत, आणि आम्ही निघून आल्यावर ते काम कोणाकडे सोपवायचे हे कोणीच ठरवले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात कोब्याला भेगा गेल्या आणि तो सगळा खणून काढावा लागला. आमच्या परतीच्या तिकिटाची तारीख हीच त्या कामाची मुदत झाली होती, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून विचारतो. अकरा जणांच्या प्रवासाला जो खर्च येईल, त्यात तेथील गवंडी आणि मजूर किती दिवस काम करतील याचा हिशेब तुम्ही मांडला आहे का? तेवढी रक्कम पाठवली आणि कोणीच गेले नाही, तर त्या खोल्या लवकर आणि अधिक चांगल्या उभ्या राहतील का? उत्तर ‘हो’ असेल तर ते प्रामाणिकपणे स्वीकारायला हवे. माझा विरोध नाही, पण हा हिशेब जाण्याआधी झालेला बरा.

अजिंक्यतारा_पायथा

मिरजकर, हिशेब मांडला होता, पण तुमच्या प्रश्नाइतका नेमका मांडला नव्हता. रेल्वेने पुण्याहून गोरखपूर, तेथून रस्त्याने सोनौलीची सीमा आणि पुढे बसने गोरखा, असा प्रवास, राहणे, जेवण आणि विमा धरून माणशी साधारण बावीस-तेवीस हजार रुपये होतात. अकरा जणांचे अडीच लाख झाले. काल रात्री हा आकडा तेथील मंडळीच्या वडीलधाऱ्यांना कळवला आणि तुमचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

त्यांचे उत्तर असे आले की पैसे पाठवले तर ते नक्की कामी येतील, परंतु पाया खणणे आणि खालच्या रस्त्यापासून गावापर्यंत दगड व वाळू वाहून नेणे या कामांना पैसे देऊनही माणसे मिळत नाहीत. गवंडी त्यांच्याकडे दोन आहेत आणि ते पुरेसे आहेत. त्यांना गवंडी म्हणून आमची गरज नाही, बिगारी म्हणून आहे.

हे वाचल्यावर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. गट अकराचा न ठेवता सातांचा करायचा. जे चौघे मागे राहतील त्यांनी स्वतःच्या इच्छेने आपला प्रवासखर्च तेथील गवंड्यांच्या मजुरीसाठी द्यायचा. जे जातील त्यांनी आपला सगळा खर्च स्वतः करायचा. मंडळीच्या वर्गणीतील एक रुपयाही आमच्या तिकिटांवर जाणार नाही. कोण राहणार हे अजून ठरायचे आहे आणि ते सोपे जाणार नाही.

कृष्णाकाठ_सिव्हिल

मी सांगलीत स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो. बिगारी म्हणून जाण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, पण बिगाऱ्यालाही आपण काय उचलून देतो आहोत हे ठाऊक असावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दगडमातीची जाड भिंत भूकंपात पडते त्याचे मुख्य कारण तुमच्या आजींनी हातांनी दाखवले तेच आहे. आत एक रांग, बाहेर एक रांग आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असते. हादरा बसला की मधला भराव खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर ढकलतो. यावर उपाय म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड, ज्याला आपल्याकडील अनेक गवंडी ‘थ्रू स्टोन’ असेच म्हणतात. भारतीय मानक १३८२८ (सन १९९३) नुसार भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि दर ६०० मिलिमीटर उंचीला, आडवे अंतर १.२ मीटरपेक्षा जास्त न ठेवता, असे दगड घालावेत. तेवढा लांब दगड मिळत नसेल तर भिंतीच्या पाऊणपट जाडीचे दोन दगड एकमेकांशेजारी उलटसुलट ठेवता येतात. या मानकाचे वर्षही लक्षात घ्या. त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीला याच प्रकारच्या भिंतींखाली हजारो माणसे दगावली. नेपाळच्या राष्ट्रीय भवनसंहितेतही दगडमातीच्या घरांसाठी वेगळा भाग आहे, आणि २०१५ नंतरच्या पुनर्बांधणीत आरपार दगड व आडवे पट्टे यांवर बराच भर दिला गेला.

आडवे पट्टे म्हणजे जोत्यावर, खिडकीच्या तळाशी, दरवाजा-खिडकीच्या माथ्यावर आणि छताखाली सगळ्या भिंतींना फिरून येणारा बांध. तो काँक्रीटचा असो वा लाकडाचा, कोपऱ्यात तुटता कामा नये. तुमचा गट जोत्यापर्यंतच असणार आहे, म्हणजे पहिला पट्टा तुमच्यासमोर पडेल. सळई कापणे, रिंगा वाकवणे आणि तारेने बांधणे हे काम नवखा माणूस दोन दिवसांत शिकू शकतो. त्यात हात बसवून जा. कोपरे, ओळंबा आणि दगड बसवणे यांना मात्र तेथील गवंड्याने सांगितल्याशिवाय हात लावू नका.

मिरजकरांनी सांगितलेली कोब्याची गोष्ट येथेही लागू आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. फेब्रुवारीत डोंगरात रात्री गारठा असतो, त्यामुळे काँक्रीट धरायला आणखी वेळ लागतो. म्हणून पट्टा तुमच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी पडू देऊ नका, आणि पडलाच तर पाणी कोण मारणार त्याचे नाव आधी ठरवून घ्या. कृपा करून उद्घाटन ठेवू नका.

कराडची_वाचक

कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण माझ्या भावाच्या गटातील एकाला याच कारणावरून परतावे लागले होते.

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे लोक निश्चिंत असतात आणि खिशात आधार कार्ड घालून निघतात. १५ ते ६५ वयोगटातील व्यक्तीसाठी नेपाळ प्रवासाला आधार कार्ड चालत नाही. वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र, या दोहोंपैकी एक हवे. पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना सवलत आहे. रस्त्याने जाताना सीमेवर कोणी विचारले नाही असे अनुभव ऐकायला मिळतात, पण अडचण परतीच्या वाटेवर किंवा अपघात झाल्यावर येते. निवडणूक ओळखपत्र नेणार असाल तर त्यावरील नाव आणि विमा पॉलिसीवरील नाव अक्षरशः सारखे आहे ना, हे तपासा. आपल्याकडे वडिलांचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते.

पैशांचे म्हणाल तर १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे दराची चिंता नाही. मोठ्या भारतीय नोटा नेपाळमध्ये नेण्याचे नियम मात्र अनेकदा बदलले आहेत. निघण्याच्या आठवड्यात बँकेत जाऊन चालू नियम विचारा आणि बहुतेक रक्कम १०० रुपयांच्या नोटांत ठेवा. काठमांडूसारख्या शहरात आपल्या मोबाईलवरून काही दुकानांत पैसे देता येतात, पण डोंगरातील गावात त्यावर विसंबू नका.

आणखी एक बाब. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे आणि तेथील सरकारी कागदांवर विक्रम संवताच्या तारखा असतात. वडा कार्यालयाच्या, म्हणजे तेथील वॉर्डाच्या, पत्रावरील तारीख वाचताना गोंधळ होऊ शकतो. लिपी देवनागरीच आहे, तेवढा मोठा आधार.

वाईचा_खजिनदार

मागे राहणाऱ्या चौघांनी मजुरीसाठी पैसे देण्याचा विचार चांगला आहे, पण ते पैसे मंडळीच्या खात्यातून पाठवण्याआधी थांबा.

बहुतेक मंडळ्यांची मालमत्ता आणि खाती सार्वजनिक न्यासाच्या नावाने असतात आणि त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. न्यासाचे पैसे कोणत्या उद्दिष्टावर खर्च करता येतात हे त्याच्या घटनेत लिहिलेले असते. आयकराच्या बाबतीत, १९६१ च्या कायद्यापासून चालत आलेले तत्त्व असे आहे की धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले तर त्यावरील सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचा आदेश लागतो. हेतू चांगला आहे म्हणून हिशेबनिसाने डोळेझाक केली, तर त्रास पुढची अनेक वर्षे मंडळीला होतो. व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून, बँकेच्या अधिकृत मार्गाने, पावती घेऊन पाठवणे हा मार्ग वेगळा आहे. आपल्या सनदी लेखापालांना विचारून लेखी उत्तर घ्या आणि ते कमिटीच्या इतिवृत्तात नोंदवा. रोख रक्कम कोणाच्याही पिशवीतून जाऊ देऊ नका.

मिरजेची_परिचारिका

मी मिरजेत अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे, म्हणून आरोग्याचे मुद्दे लिहिते.

धनुर्वाताचे इंजेक्शन सर्वांनी घेतलेले असावे. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसींबद्दल आपल्या डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. निघायच्या आदल्या दिवशी घेतलेल्या लसीचा लगेच उपयोग नसतो. कुत्रा चावला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस मिळेल अशा ठिकाणी जायचे. गावापासून असे ठिकाण किती तासांवर आहे हे आजच विचारून ठेवा.

नवख्या माणसांना बांधकामावर सर्वांत जास्त इजा होतात त्या डोळ्यांना आणि हातापायांना. दगड फोडताना उडालेली कपची डोळ्यात गेली तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून जो हातोडा धरतो त्याच्याच नव्हे तर शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्यांवरही गॉगल हवा. ओले सिमेंट त्वचेला भाजते, आणि गंमत म्हणून अनवाणी पायांनी माल तुडवणाऱ्याला ते लगेच जाणवत नाही. संध्याकाळपर्यंत पायांची कातडी सोललेली असते. असे पाय मी तपासले आहेत. रबरी हातमोजे, रबरी बूट आणि जवळ स्वच्छ पाण्याची बादली, एवढे असले तरी पुष्कळ त्रास टळतो.

विम्याची पॉलिसी घेताना अपवादांचे पान वाचा. आपली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी सहसा देशाबाहेर चालत नाही, आणि अनेक प्रवास विमा पॉलिसींमध्ये अंगमेहनतीच्या कामात झालेली इजा वगळलेली असते. माझ्या एका आतेभावाच्या बोटाचे हाड अशाच कामात मोडले. विमा कंपनीने ‘पर्यटनासाठी विमा होता, बांधकामासाठी नव्हता’ असे लेखी कळवून दावा फेटाळला. कामाचे स्वरूप अर्जात स्पष्ट लिहा, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल.

मिरजकरांच्या प्रश्नावर माझेही मत सांगते. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेही बाहेरूनच आले होते. पण येथे जे टिकले ते त्यांनी येथील माणसांना शिकवले म्हणून टिकले. तुम्ही शिकवायला जात नाही, शिकायला आणि उचलायला जाता आहात. तर मग ज्या गवंड्यांच्या हाताखाली काम कराल, त्यांच्या मजुरीत तुमच्यामुळे खंड पडणार नाही एवढे बघा.

सांगली_वकील_वाचक

सर्वांनी एवढे लिहिले, पण एका विषयाला कोणी हात घातला नाही. दादांनी गावाचे नाव लपवले यावरून त्यांना तो ठाऊक आहे असे दिसते, तरी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे.

नेपाळच्या २०१५ च्या संविधानातील कलम २६ प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई करते. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करवणे किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि आरोपी परदेशी असेल तर शिक्षा भोगल्यानंतर सात दिवसांत त्याला देशाबाहेर पाठवण्याची तरतूद आहे. परक्या देशात पाहुणे म्हणून जाताना तेथील कायदा मनापासून पाळायचा. वाटण्यासाठी पत्रके, पुस्तके किंवा भेटवस्तू बरोबर नेऊ नका. मुलांना खाऊ वाटतानाचे एखादे छायाचित्र तुम्ही साताऱ्यात बसून सहज टाकाल, आणि त्याचा अर्थ लावला जाईल तेव्हा चौकशीला सामोरे जाणारी माणसे त्या गावातील असतील. मुलांची छायाचित्रे त्यांच्या पालकांच्या परवानगीशिवाय मुळीच काढू नयेत.

यजमान मंडळीने वडा कार्यालयाला लेखी कळवावे: कोण येणार, किती दिवस, कोणत्या कामासाठी. त्या पत्राची प्रत प्रत्येकाच्या जवळ असू द्या.

अजिंक्यतारा_पायथा

वकीलसाहेब, आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आमच्या पाळकांनी गेल्या रविवारी उपासनेनंतर हे सर्वांना समजावून सांगितले. एकाने विचारले, ‘मग आपण साक्ष कशाची द्यायची?’ पाळक म्हणाले, ‘दगड नीट उचलून द्यायचे.’ त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली. नेपाळमध्ये साप्ताहिक सुटीचा दिवस शनिवार, म्हणून बहुतेक मंडळ्यांची उपासनाही शनिवारीच असते. २५ एप्रिल २०१५ हा दिवस शनिवार होता आणि भूकंप दुपारी बाराच्या चार मिनिटे आधी झाला. शाळा बंद होत्या म्हणून हजारो मुले वाचली, आणि त्याच वेळी अनेक ठिकाणी मंडळ्या उपासनेला जमलेल्या होत्या. आमच्या यजमान मंडळीतील सहा माणसे त्या दिवशी भिंतीखाली गेली. त्यांनी नवी भिंत दगडाचीच का बांधायची ठरवली, असे मी भीत भीत विचारले. विटा आणि सळई वर नेण्याचा खर्च परवडत नाही, दगड मात्र जागेवर आहे; आता फक्त तो कसा रचायचा ते शिकलो आहोत, असे उत्तर आले.

आता शारीरिक तयारीबद्दल. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढण्याचा सराव आम्ही सुरू केला होता. त्याने दम वाढला, पण पाठ आणि हात तयार झाले नाहीत. म्हणून गेले चार शनिवार आम्ही पाटण तालुक्यातील एका गवंडीकाकांकडे जात आहोत. त्यांच्या डोंगरउतारावरच्या वावराची ताल, म्हणजे दगडी बांध, गेल्या पावसाळ्यात ढासळली होती. ती पुन्हा रचून देण्याच्या बदल्यात त्यांनी आम्हाला शिकवायचे, असा व्यवहार ठरला.

पहिल्या दिवशी आम्ही घमेली काठोकाठ भरून धावत होतो आणि अकरा वाजता सगळे बांधावर बसलो होतो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी एक घमेले घेतले, पाऊण भरले आणि संध्याकाळी पाचपर्यंत त्याच चालीने वाहिले. दुसऱ्या शनिवारी आमचीही घमेली पाऊणच भरलेली होती. दगड देताना तो आधी हातोडीने वाजवून पाहायचा: खणखणीत वाजला तर रचायला, बद्द वाजला तर भरावाला. मला वाटले होते की लांब दगड दर्शनी बाजूला आडवा ठेवला की भिंत देखणी दिसते, आणि तसाच एक मी काकांच्या हातात दिला. त्यांनी तो काटकोनात फिरवला, टोक आत सरकवले आणि म्हणाले, ‘दगडाची लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे. बाहेर तोंड दिसतंय तेवढं पुरं.’ कृष्णाकाठ यांनी मानकातून जे सांगितले, तेच काकांनी एका दगडाने दाखवले. सदुसष्टच्या भूकंपानंतर त्यांच्या वडिलांनी गावातील कितीतरी घरे अशीच पुन्हा उभी केली होती.

तिसऱ्या शनिवारी आमच्यातील एकाच्या कमरेत लचक भरली. तो बँकेत दिवसभर खुर्चीवर असतो आणि त्याने गुडघे न वाकवता दगड उचलला. तो आता मागे राहणाऱ्यांत आहे, आणि हे येथे झाले ते बरे झाले असे तोच म्हणतो.

कोरेगावची_ताई

गटात किती स्त्रिया आहेत? हे विचारण्याचे कारण असे की तुमच्या सगळ्या तयारीत राहण्याच्या सोयीबद्दल एक ओळही नाही. वेगळी खोली, आतून लागणारी कडी, शौचालय कामाच्या जागेपासून किती लांब आहे आणि रात्री तेथे दिवा आहे का, हे आधी विचारा. दुसरे असे की स्त्रियांना स्वयंपाकघरात आणि पुरुषांना पायाच्या खोदकामात, अशी वाटणी न बोलता होऊन जाते. ती येथूनच ठरवून जा.

अजिंक्यतारा_पायथा

ताई, चूक दाखवून दिलीत याबद्दल आभार. सातांपैकी तिघी जणी आहेत. आपले प्रश्न आमच्यातील ज्येष्ठ भगिनीने स्वतः फोन करून तेथील भगिनींना विचारले. खोली आणि कडी आहे. शौचालयाजवळ दिवा नव्हता, तो लावून घेणार आहेत. स्वयंपाकाची पाळी सातही जणांना आहे. सळईचे काम आमच्यापैकी सर्वांत चांगले एका महाविद्यालयीन मुलीला येते. तारेची गाठ ती अंबुराच्या (तार पिळायच्या पकडीच्या) दीड पिळात आवळते, तेव्हा ते काम तिच्याकडेच राहील.

मिरजकर

दादा, सातांचा गट, बिगारीचे काम, उद्घाटन नाही आणि मजुरीचा वेगळा वाटा, हे वाचून माझी हरकत उरली नाही. फक्त एक विचारतो: तारखा कोणी ठरवल्या, तुम्ही की त्यांनी?

अजिंक्यतारा_पायथा

त्यांनीच. आम्हाला दिवाळीच्या सुट्ट्या सोयीच्या होत्या. पण त्या सुमारास तेथे दसैं आणि तिहार असतात, सण सोडून गवंडी कामावर येत नाहीत आणि भातकापणीही तेव्हाच असते. पावसाळ्याचा तर प्रश्नच नव्हता. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या, आणि आमची वाट त्याच रस्त्याने आहे. फेब्रुवारी त्यांना सोयीचा आहे, म्हणून आमच्यातील दोन शिक्षकांनी बिनपगारी रजा टाकली आहे.

नेण्याच्या सामानाची यादीही त्यांच्याकडूनच मागवली. आम्ही थाप्या, ओळंबे आणि गुण्या नेणार होतो. त्यांनी कळवले की हत्यारे आहेत. हेल्मेट, गॉगल आणि हातमोजे आणा, आणि ते आमच्या सात जणांपुरते न आणता तेथील डकर्मींसाठीही आणा. डकर्मी म्हणजे त्यांच्याकडील गवंडी. ओझे ते डोकोमध्ये वाहतात. ही बांबूची निमुळती टोपली पाठीवर असते आणि तिचा पट्टा, ज्याला नाम्लो म्हणतात, कपाळावर घेतात. आपल्याकडे चुंबळीवर ओझे घेणाऱ्या बायांच्या मानेला जसा लहानपणापासून सराव असतो तसाच तेथेही असतो, त्यामुळे हौसेने नाम्लो कपाळाला लावायचा नाही, असे त्यांनी आम्हाला बजावले आहे. आम्ही खांद्यावरच्या पट्ट्यांच्या पिशव्या वापरू.

विम्याच्या अर्जात ‘बांधकामावर अंगमेहनत’ असे शब्द लिहिले आहेत आणि कंपनीकडून लेखी होकार आला आहे. सनदी लेखापालांनी मंडळीच्या खात्यातून रक्कम पाठवू नका असेच सांगितले. चौघे जण आपापल्या खात्यातून पाठवत आहेत. वडा कार्यालयाचे पत्र यायचे आहे. ते हाती आल्याशिवाय तिकिटे काढणार नाही.

उद्याचा शनिवार पाटणला शेवटचा. तालीचा वरचा थर राहिला आहे, तो पुरा करून येऊ. जोत्यापर्यंत काम आले की कोपऱ्याचे छायाचित्र जवळून काढून पाठवा, असे गवंडीकाकांनी सांगून ठेवले आहे. माणसे त्यात नसली तरी चालतील.